माहुलच्या मुलांचे प्रश्न आणि शाळेतले प्रकल्प

दिवाळीआधीच्या प्रथम सत्र परीक्षा जवळ आल्या की शाळांजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत संध्याकाळी गर्दी उसळते. मुलांच्या हातात चिठ्ठी असते: विज्ञान – प्रदूषण, भूगोल – वाहतुकीची साधने, इतिहास – किल्ले. दुकानदार सवयीने विषयवार चित्रांचे छापील तक्ते काढून देतो. सोबत कार्डशीट, स्केचपेन, डिंक. घरी आई चित्रं कापते, मोठी बहीण वळणदार अक्षरात शीर्षक लिहिते, मजकूर मोबाईलवरून उतरवला जातो. सकाळी प्रकल्प शाळेत जमा होतो. बाई त्यावर सही करतात, गुण नोंदवतात आणि वर्षअखेरीस तो गठ्ठा रद्दीत जातो.

सहावी ते आठवीच्या वर्गांत 'प्रकल्प' म्हटले की मुंबईत बहुतेक ठिकाणी हेच घडते. या लेखासाठी मी माहुलकडे पाहतो आहे, कारण मुलांच्या संशोधनाला इतके भरघोस साहित्य दाराशी असलेली वस्ती मुंबईत दुसरी क्वचितच सापडेल. चेंबूरच्या वाशीनाक्याहून आत गेले की एका बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने, दुसरीकडे खाडी आणि खारफुटी, मध्ये जुना कोळीवाडा आणि प्रकल्पग्रस्तांसाठी उभारलेल्या ७२ इमारती. अशा भागातल्या सातवीच्या वर्गात मूल 'वायुप्रदूषण' हा तक्ता घेऊन उभे राहते. तक्त्यावरची धूर ओकणारी चिमणी कुठल्या तरी परदेशी कारखान्याची असते. मूल पाठ केलेले सांगते: वाहनांचा धूर, कारखाने, जंगलतोड, उपाय, झाडे लावा. टाळ्या पडतात, पुढचा हजेरी क्रमांक पुकारला जातो. स्वतःच्या खिडकीतून दिसणाऱ्या चिमणीबद्दल मूल एक शब्द बोलत नाही, आणि त्याला तसे विचारतही कुणी नाही. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. आपल्या शाळांतल्या प्रकल्पांत पैशांची उणीव फार नाही, हौसेचीही नाही. उणीव आहे ती मुलाच्या स्वतःच्या प्रश्नाची, आणि त्याने शोधलेले उत्तर खोदून ऐकणाऱ्या माणसाची.

कागदावरची व्यवस्था वाईट नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात आकारिक मूल्यमापनाची जी साधने सांगितली, त्यांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, चाचणी यांच्या बरोबरीने प्रकल्पाला जागा मिळाली. पाचवी-सहावीला आकारिकचा वाटा ५० टक्के, सातवी-आठवीला ४० टक्के ठरला. म्हणजे मुलाने वर्षभर काय केले, काय शोधले, काय सांगितले याला जवळजवळ लेखी परीक्षेइतके वजन देण्याची सोय झाली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही 'करून पहा', 'सांगा पाहू' अशा चौकटी आहेत आणि पाठाच्या शेवटी उपक्रम दिलेले आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली. २०२३मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा लागू झाली आणि शाळांचे लक्ष परत पेपराकडे वळू लागले. तरी प्रकल्प करू नका असे कुणीही म्हटलेले नाही.

प्रकल्पातून शिकण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८मध्ये प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, त्यामागे जॉन ड्यूई यांचा विचार होता. आपल्याकडे १९३७च्या वर्धा परिषदेतून नई तालीम पुढे आली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. चरख्यावर सूत कातता कातता गणित, भूगोल, इतिहास शिकायचा, हा त्यातला समवाय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर काम करताना गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणावर शाळा नेली. लीलाताई पाटील यांनी १९८५मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि भोवतालचे जगणे वर्गात आणून दाखवले. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी गावाला लागणाऱ्या कामांतून मुलांना शिकवले. या सगळ्यांत मूल आधी काहीतरी करते, बघते, मोजते आणि मग त्याबद्दल बोलते, हा क्रम समान आहे. आजच्या तक्त्यांच्या प्रकल्पात तो क्रम पार उलटला आहे. आधी निष्कर्ष उतरवायचा, मग चित्रे चिकटवायची.

स्पर्धांच्या जगात चित्र थोडे बरे दिसते. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३पासून देशभर भरते. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, स्वतः नोंदी करायच्या आणि मांडायच्या, असे तिचे स्वरूप आहे. भारतीय भाषांत मांडणी करायची मुभा असल्याने मराठी शाळांतल्या मुलांना ती जवळची वाटते. महाराष्ट्रात ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने तिच्या समन्वयाचे काम अनेक वर्षे केले. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होते आणि लेखी व प्रात्यक्षिकाच्या पुढच्या टप्प्यात कृती संशोधन प्रकल्प असतो. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाला प्रकल्पासाठी १०,००० रुपये मिळतात. यांतून चांगली मुले पुढे आली, यात शंका नाही. पण या वाटा शाळेतल्या निवडक एक-दोन मुलांसाठी असतात. होमी भाभासाठी तर शिकवणी वर्ग चालतात आणि कृती संशोधनाचेही तयार नमुने हाती पडतात. विभाग पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनात आजही ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन आणि पावसाचे पाणी साठवणारे घर यांचीच टेबले जास्त. ज्वालामुखीत खायचा सोडा आणि व्हिनेगर घातल्यावर फेस येतो, हे परीक्षकांना माहीत असते, मुलाला माहीत असते आणि बघणाऱ्या सगळ्यांनाच माहीत असते. जे आधीच सगळ्यांना ठाऊक आहे ते पुन्हा करून दाखवण्याला प्रयोग म्हणता येईल, संशोधन म्हणता येणार नाही.

माहुलमध्ये ज्याचे उत्तर कुणाकडेच तयार नाही असे किती प्रश्न आहेत, ते पाहू.

भरतीपासून सुरुवात करतो, कारण हा प्रकल्प मला सगळ्यांत आवडतो. आपल्या किनाऱ्यावर एक जुना आडाखा चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कोळीवाड्यातल्या आजोबांना उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी भरती) घड्याळ न बघता कळते. सातवीच्या मुलाने भिंतीवरच्या कालनिर्णयातून तिथी घ्यावी, वर्तमानपत्रात छापून येणारी भरतीची वेळ घ्यावी आणि पंधरा दिवस दोन्ही शेजारी शेजारी लिहावे. आडाखा बरोबर उतरत नाही हे त्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दिसेल. कधी थोडा, कधी बराच फरक पडेल. मग हिशेब मांडावा. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत भरतीची वेळ साधारण १२ तास पुढे सरकते, पण पंधराची पाऊणपट होते सव्वाअकरा. मधला पाऊण तास कुठे गेला? दर तिथीला ४८ मिनिटांऐवजी ४५ धरली की तीन-तीन मिनिटे साचत जातात. तरीही सगळा फरक यातून सुटत नाही. खाडीचा आकार, चंद्राचे कमी-जास्त अंतर, अशी आणखी कारणे निघतात. अपूर्णांक, चंद्राच्या कला, आजोबांचे ज्ञान आणि वर्तमानपत्रातला तक्ता एका वहीत येतात. आडाखा चुकीचा म्हणून फेकायचा नाही आणि जुना म्हणून डोक्यावरही घ्यायचा नाही. तो कुठवर चालतो ते मोजायचे. या वयात विज्ञानाची यापेक्षा चांगली ओळख कुठली असेल?

दुसरा प्रश्न वासाचा. माहुल आणि आंबापाड्यातल्या रहिवाशांच्या तक्रारीवरून केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी इथे घरोघरी पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांनी महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा श्वास लागण्याची आणि ८६.६ टक्के लोकांनी डोळे चुरचुरण्याची तक्रार सांगितली. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५च्या निकालात त्या पाहणीची दखल घेतली, आणि २०२०मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाई भरण्याचा आदेश दिला. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या पाहणीच्या मुळाशी यंत्राइतकीच माणसांना विचारलेल्या साध्या प्रश्नांची यादी होती. तेच काम लहान प्रमाणात वर्ग करू शकतो. ३० मुले, ३० घरे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी एकेक नोंद: वास नाही, थोडा, खूप. खिडकीच्या गजाला बांधलेली ओढणीची पट्टी कुठल्या दिशेला उडते तेही लिहायचे. एका महिन्यात ३,६०० नोंदी जमतात. मुंबईत हिवाळ्यात रात्री-पहाटे वारा जमिनीकडून आणि दुपारी समुद्राकडून येतो. नोंदींमध्ये तो फरक उमटतो का, ते बघायचे.

यातच खरा धडा आहे. एवढ्या नोंदींवरून वास कुठल्या कंपनीचा, हे कळणार नाही. त्यासाठी हवेचे नमुने आणि प्रयोगशाळा लागते. दोन घरांतल्या माणसांची नाके सारखी नसतात, काही मुले नोंद करायला विसरतील, काही नंतर अंदाजाने भरतील. आपल्या माहितीतून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे मुलाने वर्गासमोर उभे राहून सांगितले तर त्याला संशोधन समजले. 'माझ्या वहीत सात दिवस रिकामे आहेत' असे जे मूल प्रामाणिकपणे सांगेल, त्याला मी पूर्ण गुण देईन.

खाडीकडे वळले की रोहित पक्षी. शिवडी-माहुलच्या चिखलात नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ते हजारोंनी उतरतात. त्यांच्या पलीकडे आता १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालेला अटल सेतू दिसतो. इतक्या घाण पाण्यात एवढे देखणे पक्षी का येतात, हा कुठल्याही मुलाला पडणारा प्रश्न आहे. छोटा रोहित निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतो आणि सांडपाण्यातून आलेल्या पोषक द्रव्यांवर ते शेवाळ वाढते, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे आपण ज्याला घाण म्हणतो ते कुणाचे तरी अन्न होते आणि तरीही तीच खाडी निवट्या, चिंबोऱ्या, बोय यांना जगू देते की नाही, हा प्रश्न उरतोच. इथे उत्तर सरळ येत नाही, म्हणून तर हा विषय शाळेला हवा. पूर्वी खाडीत काय मिळायचे आणि आता काय मिळते, हे तीन वेगवेगळ्या वयाच्या कोळणींना विचारून मुलाने मासळीची नावे लिहून काढली, तर कोळीवाड्याच्या इतिहासाचा एक कागद तयार होतो. ट्रॉम्बेची तेलशुद्धीकरण केंद्रे १९५४-५५मध्ये सुरू झाली. त्याआधीचे माहुल पाहिलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत. हा प्रकल्प आणखी दहा वर्षांनी करताच येणार नाही.

आणि त्या ७२ इमारती. त्यांत १७ हजारांवर घरे आहेत. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या न्यायालयाच्या आदेशानुसार हटवल्यावर २०१७पासून घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला अशा भागांतली कुटुंबे इथे आणली गेली. हवेच्या कारणाने त्यांनी इथे राहायला नकार दिला, विद्याविहारला रस्त्यावर आंदोलन मांडले, आणि सप्टेंबर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुसरीकडे घर देता येईपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. या इमारतींत वाढणाऱ्या मुलाला भूगोलाच्या तासाला 'स्थलांतर' शिकवले जाते. त्याला पुस्तकातली व्याख्या येते. आपण कुठून आलो, जुनी शाळा किती अंतरावर होती, आता शाळेला जायला किती वेळ लागतो, बस कोणती, असा नकाशा त्याने स्वतः काढला तर ती व्याख्या त्याला कळते. १८९२पासून मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाची जलवाहिनी त्याच्या कुटुंबाच्या कहाणीत आहे. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र तिथे एकाच पानावर येतात.

मात्र इथे शिक्षकाने फार जपून पाऊल टाकायला हवे. मुलाच्या घरची अडचण हा वर्गात मांडायचा माल नव्हे. 'तुमच्या इमारतीत पाणी येते का, संडास कसा आहे, घरात कोण आजारी आहे' असे प्रश्न सर्वेक्षणाच्या नावाखाली विचारून त्यांची उत्तरे फळ्यावर लिहिली गेली, तर ज्या मुलाचे घर त्यात दिसते ते मूल कोपऱ्यात जाते. नोंदी नावाशिवाय घ्याव्यात, ज्याला सांगायचे नाही त्याला सक्ती करू नये आणि शेजाऱ्यांच्या आजाराबद्दल विचारण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी. चिखलात एकट्याने उतरायचे नाही, कारखान्यांच्या भिंतीजवळ जाऊन फोटो काढायचे नाहीत. तो सुरक्षेचा भाग आहे. मुलांच्या वह्या मोठ्यांच्या आंदोलनाची पत्रके होऊ नयेत, हेही पाळावे लागेल. मुलाने काय शोधले ते त्याचे. त्याचा निष्कर्ष मोठ्यांनी आधी ठरवून दिला की पुन्हा तोच तक्ता तयार होतो, फक्त चित्रे बदलतात.

आता सादरीकरण. माझ्या मते प्रकल्पाइतकेच, किंबहुना थोडे जास्त नुकसान इथे होते. मूल पुढे येते, 'नमस्कार, माझ्या प्रकल्पाचे नाव आहे' असे म्हणते, पाठ केलेला परिच्छेद भरभर संपवते आणि बसते. वर्ग ऐकत नाही, कारण वर्गाला पुढे काही करायचे नसते. ४५ मुलांची तोंडी सादरीकरणे दोन तासांत संपवायची असतात, त्यामुळे बाईंकडेही वेळ नसतो. ज्या वर्गात सादरीकरणानंतर तीन प्रश्न विचारण्याचा नियम आहे, तिथे चित्र बदलते. हे तू कसे मोजलेस? किती वेळा मोजलेस? वेगळे उत्तर आले असते तर काय केले असतेस? हे प्रश्न वर्गातल्या मुलांनीच विचारायचे. सुरुवातीला ती लाजतात, मग धीट होतात आणि काही आठवड्यांनी सादर करणारे मूल घरूनच या प्रश्नांची तयारी करून येते. मोबाईलवरून उतरवलेल्या परिच्छेदाला 'किती वेळा मोजलेस' या प्रश्नाचे उत्तर नसते. आता चॅटबॉट मिनिटभरात पंधरा पानांचा प्रकल्प लिहून देतात, ऋणनिर्देशासह. त्यावर बंदी घालून काही होणार नाही. समोर उभे राहून स्वतःच्या नोंदीबद्दल बोलावे लागले, तर उतरवलेल्या पानांचा मुलालाच उपयोग राहणार नाही.

भाषेचा मुद्दा याला लागूनच येतो. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात आणि माहुलसारख्या वस्तीत मुलाची घरची बोली शाळेच्या भाषेपेक्षा निराळी असते. कोळीवाड्यातली असो वा इमारतीतली, मुले घरी ज्या भाषेत सविस्तर बोलतात त्या भाषेत त्यांना आधी सांगू द्यावे. माहुलहून फार लांब नाही अशा मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, १९७४मध्ये स्थापन झाल्यानंतर, वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली महापालिका शाळांतल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम केले. विज्ञान न समजण्यामागे भाषेचा अडसर केवढा मोठा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. ते काम झाल्याला चार दशके उलटली आणि आपण अजूनही मुलाच्या सादरीकरणात 'शुद्ध भाषा' या रकान्याला गुण देतो.

वंचित घरांतली मुले संशोधन करू शकत नाहीत, असे कुणाला वाटत असेल तर त्याने इटलीतल्या बार्बियानाची गोष्ट आठवावी. शाळेने नापास करून बाहेर काढलेल्या डोंगराळ गावातल्या आठ मुलांनी, लोरेंझो मिलानी या पाद्र्याच्या मदतीने, शाळा कुणाला गाळते याची आकडेवारी गोळा केली आणि १९६७मध्ये एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिले. सुधा कुलकर्णी यांच्या 'प्रिय बाई' या अनुवादाने ते मराठीत आले आणि आपल्याकडच्या अनेक शिक्षकांनी वाचले. त्या मुलांकडे प्रयोगशाळा नव्हती. शाळांच्या नोंदी होत्या आणि आपल्यालाच का गाळले, हा प्रश्न होता.

शिक्षकांची बाजूही इथे मांडायला हवी, कारण सगळा भार त्यांच्यावर टाकून लेख संपवणे सोपे असते. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हायला हवे. त्यातून अभ्यासक्रम, चाचण्या, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे वजा केली की एका वर्गाच्या ४५ प्रकल्पांना नीट पाहायला उरते काय? म्हणून दर विषयाला दर सत्रात एक प्रकल्प हा नेम आधी सोडला पाहिजे. वर्षाला एकच प्रकल्प, गटाने केलेला, तीन-चार विषयांत मिळून मोजला जाणारा, आणि त्याला पुरेसे दिवस. फिनलंडच्या २०१६पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात दर वर्षी निदान एक अनेक विषयांना जोडणारा मोठा अभ्यासघटक प्रत्येक शाळेला बंधनकारक आहे, तिथेही सक्ती एकाचीच. आपल्याकडे सहा विषयांचे बारा प्रकल्प आणि त्यांतला एकही मुलाचा नाही, ही स्थिती बदलायला नवा शासन निर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांनी ठरवले तरी पुरे.

म्हणून महापालिकेच्या एम पश्चिम विभागातल्या शिक्षण अधिकाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. येत्या विज्ञान प्रदर्शनात एक रांग अशा टेबलांसाठी राखून ठेवा, जिथे मॉडेल नसेल, फक्त मुलांनी स्वतः महिनाभर भरलेली नोंदवही असेल आणि परीक्षक त्या वहीतली कुठलीही एक नोंद काढून 'ही कशी केलीस' असे विचारतील. मानखुर्दचे केंद्र आणि चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद दोन्ही जवळ आहेत, त्यांच्या अभ्यासकांना परीक्षक म्हणून बोलवा. आणि पालकांनो, यंदा मुलाने प्रकल्पाची चिठ्ठी आणली तर दुकानात जाण्याआधी त्याला एवढेच विचारा, की यातले तुला स्वतःला काय माहीत करून घ्यायचे आहे. त्याने सांगितले की वही त्याच्याच हातात राहू द्या.